चार्ज

शिवतेजचा फोन बहुतेक संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला यायचा. त्याआधी पाच-दहा मिनिटं अंकिता उठायची, तोंडावर पाणी मारायची, केस विंचरून टिकली लावायची आणि बल्बच्या बरोबर खाली खुर्ची ओढून बसायची. व्हिडिओ लागला की हसायची. "सगळं बरं हाय इकडं. तुमी जेवला का? थंडी लय हाय का?" पाच मिनिटं, कधी सात. फोन बंद झाला की ती टिकली काढून खुर्चीच्या दांडीला चिकटवायची आणि भिंतीकडं तोंड करून आडवी व्हायची. दांडीवर अशा सतरा-अठरा टिकल्या झाल्या होत्या.

हंबीरराव नातीला मांडीवर घेऊन हे रोज बघायचे. ते अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार होऊन घरी आलेले. गाव कराडपासून चौदा किलोमीटरवर. घरात तिघंच होती. ते, सून अंकिता आणि साडेचार महिन्यांची नात. मुलगा शिवतेजही फौजेत, काश्मिरात एका चौकीवर. बायको शालन जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

सुनेचं काहीतरी बिनसलंय हे त्यांना कळत होतं. ती जेवायची नाही. अंघोळ दोन-दोन दिवस राहायची. पण फोनवर ती जे बोलते ते बरोबरच आहे, असं त्यांना वाटायचं. कारण तो नियम त्यांचाच होता.

फौजीला घरचं वाईट कळवायचं नाही, हा नियम ह्या पट्ट्यात पुष्कळ घरांत आहे. बाप वारला तरी 'तब्येत नरम आहे, सुट्टी मिळाली तर ये' एवढंच कळवतात. हंबीररावांनी तो आपल्या घरात घातला एक्क्याण्णव साली. तेव्हा लोणंदचा आप्पासो नावाचा, हुद्द्यानं नाईक असलेला जवान बराकीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर होता. त्याला घरून पत्र आलं की धाकट्या भावानं आईला बाहेर काढलंय, आई देवळात राहते. आप्पासोनं पत्र हंबीररावांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून घडी घालून परत दिलं. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावर आप्पासोच्याच रायफलीची गोळी आप्पासोला लागली. साफ करताना सुटली, असं कागदावर लिहिलं गेलं. पलटणीतल्या कुणाला ते खरं वाटलं नाही. त्या पत्रानं माणूस मेला, असं हंबीररावांनी ठरवून टाकलं आणि शालनला लिहिलं, मला वाईट काही कळवत जाऊ नकोस.

शालननं ते पाळलं. हंबीरराव निवृत्त होऊन घरी आल्यावरही पाळलं. छातीत गाठ आली ती तिनं वर्षभर कुणाला दाखवली नाही. ब्लाऊजवर डाग दिसला तेव्हा हंबीररावांनी विचारलं. तोवर डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. "मला का न्हाई सांगितलंस?" असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "तुमाला उगं घोर." एकाच छपराखाली राहत होते ते दोघं, रोज एकाच वेळी चहाला बसत होते.

तर अंकिताचं असं चाललेलं असताना एक दिवस ती आपणहून बोलायला आली. हंबीररावांना बरं वाटलं.

"आबा, बाटली उकळायला शिकता का तुमी?"

"शिकतो की. त्यात काय."

तिनं दाखवलं. पाणी किती, भुकटीचे चमचे किती, मनगटावर थेंब टाकून कसं बघायचं. दुसऱ्या दिवशी लंगोट बांधायला शिकवलं. मग अंघोळ. पोरीला पायांवर पालथं घेऊन पाणी घालताना हंबीररावांच्या गुडघ्याला कळ लागली, पण त्यांनी सोडलं नाही.

"मान धरा. मान सोडू नका."

"आगं, मी ग्रेनेड धरल्यात हातात."

"ग्रेनेड रडत न्हाई आबा."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडून असं वाक्य निघालं ह्याचंच त्यांना अप्रूप वाटलं. गावात दूध घालायला गेल्यावर त्यांनी चारचौघांत सांगितलंसुद्धा, सून मला बाळंतपणाचं ट्रेनिंग देती म्हणून. लोक हसले. तेही हसले. पोर आता मार्गाला लागली, असं त्यांनी धरलं.

नवव्या की दहाव्या दिवशी अंकितानं लसीच्या कार्डाची प्लास्टिकची पिशवी त्यांच्याकडं दिली. आत कार्ड, पोरीचा जन्माचा दाखला, एक बारीक चिठ्ठी आणि वहीचा एक दुमडलेला कागद होता.

"ही चिठ्ठी कसली?"

"नर्सबाईंनी लिहून दिली होती मागच्या लसीला. रक्ताचं काहीतरी. टाकून द्या."

ती आत गेल्यावर हंबीररावांनी चष्मा लावला. चिठ्ठीत रक्ताचं काही नव्हतं. मनाच्या डॉक्टरकडं लगेच दाखवा, असं लिहिलं होतं. मग त्यांनी वहीचा कागद उघडला. अंकिताचं अक्षर बी.कॉम.चं, वळणदार. एकाखाली एक ओळी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराची लस. रात्री खोकला आला तर वाफ, औषध लगेच नको. जावळ मामाच्या मांडीवर, दादाला आठ दिवस आधी फोन करा. अंगणवाडीत तीन वर्षांनंतर. पहिलीला माधवनगरला आजीकडं ठेवू नका, इथंच ठेवा.

हंबीररावांनी अठरा वर्षं कंपनीचं स्टोअर सांभाळलं होतं. ब्लँकेटं, जेवणाची मेसटिनं, दोर, तंबूच्या खुंट्या. एका माणसाची बदली झाली की तो दुसऱ्याला चार्ज देतो. आठ-दहा दिवस बरोबर फिरतो, एकेक वस्तू दाखवतो, यादी करतो, समोरच्यानं ओळखली का ते बघतो. आणि सगळं देऊन झालं की ट्रंक उचलतो.

ते कागद हातात धरून बसले. जावळाला तिच्या भावाला फोन त्यांनी का करायचा? ती कुठं असणार होती?

हे त्यांना दहा दिवस कळलं नव्हतं. उलट ते मन लावून चार्ज घेत होते.

अंकिता आत भांडी घासत होती. तिला काय म्हणायचं ते त्यांना सुचेना. शेजारच्या बाईला जरा बसायला सांगून ते मागच्या आळीत थोरल्या बहिणीकडं, रंगूबाईकडं गेले. म्हातारी शेंगा फोडत बसली होती.

"आक्का, अंकिताचं लक्षण बरं न्हाई."

"बाळंतीण हाय. हुतंय तसं चार-सा म्हयनं. तू पुरुषमाणसानं त्यात ध्यान घालू नगं."

त्यांनी कागदाचं सांगितलं. रंगूबाईचा हात थांबला.

"शालननंबी मला आसंच समदं दावलं हुतं," ती म्हणाली. "शिवा कुठल्या कुशीवर निजतो, दूध किती ऊन लागतं."

"कवा?"

"शिवा तीन म्हयन्याचा आसंल तवा. दोनदा हिरीवरनं माघारी आणली तिला. मग दोन म्हयनं तिच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारून निजत हुते मी. ती उठली की मी उठायची."

हंबीरराव उभे होते ते खाली बसले.

"मला का न्हाई कळवलं?"

"तूच न्हवं का लिवलं हुतंस, वाईट कळवू नगा म्हणून. शालननं मला शपथ घातली." मग म्हणाली, "आन कळवलं आसतं तर तितनं तू काय करणार हुतास?"



"तिला म्हायेरी धाड," रंगूबाई म्हणाली. "न्हाईतर मी येती निजायला."

"शालन मग बरी कशी झाली?"

"बरी कुठली? कामाला लागली. बोलायची बंद झाली. मानसं म्हणली बरी झाली."

नोकरी संपेपर्यंत त्यांनी सुट्टीवर यायचं, जायचं, आणि बायको शांत स्वभावाची आहे असं लोकांना सांगायचं. हे त्यांना त्या म्हातारीच्या दारात बसून कळलं. घरी येताना त्यांनी सोप्यातला तणनाशकाचा डबा उचलून शेजाऱ्याच्या गोठ्यात नेऊन ठेवला.

साडेसातला फोन आला. अंकिता खुर्चीवर बसली, हसली. हंबीररावांनी नातीला गादीवर ठेवलं आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"शिवा, मी बोलतोय. इकडं बरं न्हाई."

"काय झालं आबा?"

"अंकिताला बरं न्हाई. अंगानं न्हाई, मनानं. ती जिवाचं काहीतरी करून घेईल असं मला भ्या वाटतंय. उद्या डॉक्टरकडं नेतोय. तुला ठावं असावं म्हणून सांगितलं."

पडद्यावर शिवतेजचा चेहरा थांबल्यासारखा दिसत होता. त्याच्या मागं कुणीतरी हसत होतं.

"आबा, मी आता पहाऱ्यावर निघालोय," तो हळू म्हणाला. "तुमीच सांगायचा की..."

फोन तुटला. रेंज गेली की त्यानं तोडला ते कळलं नाही.

अंकिता उठून उभी राहिली होती.

"का केलं असं तुमी? त्यांना तिकडं काय झालं म्हणजे? ते माझ्या माथी येणार."

"माझ्या माथी येईल. तुझ्या न्हाई."

"मी काय केलंय असं? काय केलंय मी?"

हंबीररावांनी खिशातून वहीचा कागद काढून खुर्चीवर ठेवला. "पोरी, मी जन्मभर चार्ज दिलाय आणि घेतलाय. ह्यो चार्ज मी घेत न्हाई."

नात रडायला लागली, दोघांनीही उचललं नाही. मग अंकिता खाली बसून बोलली, पण त्यांच्याकडं बघून नाही.

"ती माझ्याकडं आली की रडती. तुमच्याकडं गप बसती. मला तिच्याबद्दल काय वाटतच न्हाई आबा. आईला असं असतं का कुठं? मी मरावं असं पण न्हाई. मी आधीच न्हाईये, नुसतं उरकायचं राहिलंय, असं वाटतंय."

हंबीररावांनी नातीला उचललं. काय बोलावं ते ह्याही वेळी सुचलं नाही. पण ते उठून गेले नाहीत. "सांग," एवढंच म्हणाले. "आणिक सांग."

"उद्या कराडला नको," ती शेवटी म्हणाली. "तिथं दवाखान्यात निम्मं गाव भेटतं. सांगलीला जाऊ."

रंगूबाई रात्री झोपायला आली. सकाळच्या पॅसेंजरनं हंबीरराव, अंकिता आणि नात सांगलीला गेले. वाटेत माधवनगर आलं, अंकिताचं माहेर. तिनं खिडकीकडनं तोंड फिरवून घेतलं. आईला कळलं तर दृष्ट काढेल आणि परत पाठवेल, म्हणाली.

डॉक्टरांनी तपासलं, झोपेची, भुकेची, मरणाच्या विचाराची सरळ चौकशी केली. बाळंतपणानंतर येणारं हे नैराश्य आहे, गोळ्यांनी आणि बोलण्यानं उतरतं, पण वेळ लागतो, तोवर हिला एकटं ठेवू नका, असं सांगितलं. बोलण्यासाठी त्याच दवाखान्यात एक समुपदेशक होत्या, संयोगिता मॅडम. पस्तिशीच्या असतील. दर गुरुवारी यायचं ठरलं.

पहिल्या गुरुवारी अंकिता पाऊण तासानं बाहेर आली, डोळे सुजलेले.

"काय म्हणल्या?"

"काय न्हाई. मी नुसती रडले. त्यांनी घड्याळ बघितलं न्हाई."

शिवतेजचा फोन नव्हता. चार दिवस झाले, आठ झाले. हंबीररावांनी लावला तर बंद लागायचा. कंपनीच्या ऑफिसात विचारावं तर काय विचारणार? दारात मोटारसायकल थांबली की ते हातातलं काम टाकून बाहेर यायचे. आप्पासोची गोळी त्यांना रोज ऐकू यायची.

तिसऱ्या गुरुवारी संयोगिता मॅडमनी त्यांना आत बोलावलं.

"आबा, तुमचं कसं चाललंय?"

"आमचं बरं हाय."

"अंकिताच्या सासूबाईंना जाऊन किती दिवस झाले?"

"चारशे बासष्ट."

त्यांनी आकडा सांगितला आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग ते बोलले. शालनची गाठ, विहीर, पदर, आणि शेवटी आप्पासो. त्या पत्रानं माणूस मेला म्हणून मी घरात नियम केला, असं सांगितलं.

"पत्रानं मेला," मॅडमनी विचारलं, "की पत्र आल्यावर त्याच्याशी कुणी बोललं नाही म्हणून?"

हंबीरराव उठले. "तुमी फौज बघितली न्हाई बाई," म्हणाले आणि दार उघडून बाहेर पडले. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत ते अंकिताशी बोलले नाहीत. त्यांना त्या बाईचा राग आला होता. तीन दिवस राग होता. चौथ्या दिवशी गोठ्यात शेण भरताना त्यांना आप्पासोचा हात दिसला. पत्र पुढं केलेला, आणि परत घेतल्यावर थोडा वेळ तसाच राहिलेला.

पुढच्या गुरुवारी ते न बोलावता आत गेले. "तो माझ्याकडं बघत हुता," म्हणाले. "मी पत्र परत दिलं आणि बूट पुसायला बसलो." मग त्यांना रडू आलं. शालन गेली तेव्हा आलं नव्हतं.

मॅडमनी त्यांना आणि अंकिताला एक काम दिलं. रोज संध्याकाळी चहा घेताना दोघांनी एकमेकांना त्या दिवसाची एक वाईट गोष्ट सांगायची. उपाय सांगायचा नाही, समजूत काढायची नाही. ऐकायचं.

पहिल्या दिवशी दोघंही कपाकडं बघत बसले.

"तुमी केलेला चहा लय गोड झालाय," अंकिता म्हणाली.

"ही वाईट गोष्ट न्हाई. ही तक्रार हाय."

"मग आज पोर रडत होती आणि मी मुद्दाम उठले न्हाई. दहा मिनिटं. मला बरं वाटलं तिला रडताना ऐकून."

हंबीररावांनी घोट घेतला. "बरं," म्हणाले. मग आपलं सांगितलं. "शिवाला काय झालं असंल, तर ते मी केलंय."

"मला पण तेच वाटतं," अंकिता म्हणाली. "आणि तुमचा राग येतो."

"येऊ दे."

असं चाललं. एकदम काही झालं नाही. एक दिवस अंकितानं आपणहून अंघोळ केली, पुढचे दोन दिवस उठलीच नाही. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. एका गुरुवारी तिनं यायचंच नाही म्हणून दार लावून घेतलं आणि हंबीरराव अर्धा तास बाहेर बसून नातीला खुळखुळा वाजवत राहिले. पण त्यांच्या लक्षात येत होतं की अंकिता आता त्यांच्याकडं बघून बोलते. आणि एकदा नातीला दूध पाजताना ती काहीतरी पुटपुटत होती, ते गाणं होतं का नुसतंच काही, ते त्यांनी जवळ जाऊन ऐकलं नाही.

त्या फोननंतर अडतिसाव्या दिवशी शिवतेज आला. फोन न करता, वीस दिवसांच्या सुट्टीवर. जिवंत, धडधाकट. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावरची पिशवी घेतली. त्यानं वाकून पाय धरले, पण त्यांच्याशी बोलला नाही. अंकिताशी बोलला, पोरीला उचललं. पोर नवख्या माणसाला बघून रडली.

दोन दिवसांनी परड्यात कडबा लावताना बोलला.

"तुमच्या फोननंतर माझा हात कापायला लागला. रायफल घेतली की कापायचा. सीओ साहेबांनी बघितलं. चौकीवरनं खाली आणलं, रायफल काढून घेतली आणि लंगरला लावलं. महिनाभर बटाटं सोलली मी. पोरं म्हणायची, बायकोला बरं न्हाई म्हणून वाघ किचनमध्ये आला."

"मला ठावं न्हवतं."

"तुमी सुभेदार होता. तुमाला ठावं असायला पायजे होतं. यंदा नाईकाच्या बढतीत नंबर होता माझा. गेला तो."

"फोन का केला न्हाईस?"

"काय सांगणार? बरं हाय म्हणून?"

हंबीरराव कडब्याची पेंढी घेऊन उभे राहिले. आपण चुकलो नाही, हे त्यांना म्हणता आलं असतं. आपण चुकलो, हेही म्हणता आलं असतं. त्यांनी शालनचं सांगितलं. आक्कानं सांगितलं ते सगळं, विहिरीपासून. शिवतेज ऐकत राहिला. संपल्यावर तो म्हणाला, "तवा मी किती होतो?"

"तीन म्हयन्याचा."

तो तसाच रानाकडं निघून गेला, जेवायला आला नाही.

गुरुवारी अंकिता त्याला म्हणाली, "तुमी पण चला."

"मी येडा न्हाई."

"मी पण न्हवते."

तो गाडीत बसला, पण पोरीला घेऊन माधवनगरला उतरला, सासरवाडीला. पुढच्या गुरुवारी सांगलीपर्यंत आला. दवाखान्याच्या पायऱ्या चढला आणि बाहेरच्या बाकावर बसला. त्याची सुट्टी संपायला चार दिवस राहिले होते. अंकिता आत गेली. दार लागलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हंबीरराव बसले. दोघांच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. नात त्यांच्या खांद्यावर झोपली होती. समोर एक बाई औषधाची चिठ्ठी उलटीसुलटी करून बघत होती.

शिवतेजनं विचारलं, "आत काय इचारतात?"

"काय न्हाई. झोप लागती का, इचारतात."

पंखा फिरत होता. शिवतेजनं आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. हंबीररावांना ते दिसलं.

"मला लागत न्हाई," तो म्हणाला.

ह्यावर काय बोलायचं ते हंबीररावांना आता ठाऊक होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. सरकून जवळ बसले आणि ऐकायला लागले.